उजनीवर गळ टाकायला होडी कुठली घ्यावी? छोटा हत्ती आणि बोलेरो पिकअपवाल्यांसाठी परीक्षण

ज्यांना थेट निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधी निकाल. घरी टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती असेल, तर १२ फुटी, सपाट तळाची, २ मिलिमीटर पत्र्याची ॲल्युमिनियमची होडी घ्या आणि ती ट्रेलरवर न ओढता गाडीवरच्या पिंजऱ्यावर उलटी टाकून न्या. तेवढे पैसे नसतील तर त्याच मापाची फायबरची घ्या. बोलेरो पिकअप असेल तर १४ फुटापर्यंत जाता येतं आणि मग ट्रेलरचा विचार करता येतो. लोखंडी पत्र्याची होडी आणि हवा भरायची रबरी होडी, दोन्ही स्वस्त दिसतात. गळाच्या मासेमारीसाठी उजनीवर आम्ही दोन्ही घेऊ नका असंच सांगू. बाकी सगळा लेख म्हणजे या निकालामागची कारणं.

होडी बघायला गेलं की माणूस पाण्याचा विचार करतो. लाटा किती, खोली किती, बसणार किती. सोलापुरातून जाणाऱ्याला खरा त्रास होतो तो काठावर आणि रस्त्यात. सोलापूर ते टेंभुर्णी नव्वदेक किलोमीटर, वाटेत सावळेश्वर आणि वरवडे हे दोन टोलनाके, तिथून पुढे भीमानगर, कंदर, केत्तूर, कुगाव अशी कुठलीही बाजू धरा. शेवटचे काही किलोमीटर कच्चा रस्ता आणि त्याच्या टोकाला काळी चिकण माती. सिमेंटचा उतार मिळेलच याचा भरवसा नाही. दोन माणसांना उचलून पाण्यात सोडता येणार नाही अशी होडी तिथे अडकते, मग ती पाण्यावर कितीही चांगली चालो.

अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी खास होड्या निघतात. १९७८ साली तिथे बास ट्रॅकर नावाने होडी, इंजिन आणि ट्रेलर एकत्र विकायला सुरुवात झाली आणि साध्या पगारदार माणसाच्या आवाक्यात ही गोष्ट आली. आज व्हिडिओत दिसणाऱ्या १८-२० फुटी, दीडशे-दोनशे अश्वशक्तीच्या होड्या त्या घराण्यातल्याच, पण त्या ओढायला दणकट गाडी आणि उतरवायला पक्का रॅम्प लागतो. आपल्याकडे छोट्या हत्तीत साधारण ७०० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आहे. तेव्हा त्या होड्यांतून घ्यायचं ते एवढंच: नाकाकडे उभं राहून गळ फेकता येईल असा सपाट चौथरा, सामान कोरडं ठेवायला झाकणाचे कप्पे, आणि आवाज न करणारी विजेची मोटर. उजनीत बास नाही, पण काठच्या गवतात बेडकाच्या आकाराच्या आमिषावर तुटून पडणारी मरळ आहे, आणि तिच्यासाठी हीच मांडणी उत्तम चालते. कटला, रोहू, चिलापी धरायला बसून मासेमारी करणाऱ्यालाही या मांडणीचा तोटा नाही.

वजनाचा हिशेब

दुकानदार लांबी सांगतो, वजन सांगत नाही. ते आपण काढायचं. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, दीड फूट उंच कडेची सपाट होडी धरा. तळ, दोन्ही बाजू आणि पुढची-मागची फळी मिळून पावणेनऊ चौरस मीटरच्या आसपास पत्रा लागतो.

१६ गेजचा लोखंडी पत्रा म्हणजे १.६ मिलिमीटर जाडी. एका चौरस मीटरला साडेबारा किलो. म्हणजे पत्राच ११० किलो, त्यात अँगलच्या पट्ट्या आणि बसायच्या फळ्या धरल्या की होडी १४० किलोला जाते. २ मिलिमीटर ॲल्युमिनियम चौरस मीटरला ५.४ किलो, पत्रा ४७-४८ किलो, आतल्या फासळ्या आणि बैठका धरून ७० किलो. फायबर चार-पाच मिलिमीटर जाडीचं असेल तर मध्ये कुठेतरी, ९० ते १०५ किलो. ही मापं कागदावरची आहेत. कारागिराने हात सैल सोडून रेझिन (काचेचे तंतू घट्ट धरणारा चिकट द्रव) ओतलं तर फायबरची होडी सहज १३० किलो भरते. म्हणून व्यवहार ठरवताना वजनकाट्याची पावती मागा. मोडनिंब, मोहोळ, टेंभुर्णी, कुठेही वजनकाटा आहे. रिकामी गाडी आणि होडी चढवलेली गाडी, दोन वजनं करून घ्या. मोठा काटा पाच-दहा किलोच्या पायरीने आकडा दाखवतो, एवढी चूक गृहीत धरा.

७० किलोची होडी दोघं जण एक टोक गाडीवर टेकवून दुसरं टोक उचलतात तेव्हा प्रत्यक्षात दोघांत मिळून ३५ किलोच उचलायचे असतात. १४० किलोला हेच काम चार माणसांचं होतं, आणि परत येताना संध्याकाळी काठावर चार माणसं सापडत नाहीत.

पिंजरा की ट्रेलर

छोट्या हत्तीचा हौदा साधारण ७.२ फूट लांब आणि ४.९ फूट रुंद. १२ फुटी होडी हौद्यात ठेवली की मागे जवळजवळ पाच फूट बाहेर येते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीच्या बाहेर लोंबणाऱ्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल जागेवर उतरवायचा खर्च वेगळा. लाल फडकं बांधून भागेल या समजुतीवर महामार्गावर जाऊ नका.

पण याच गाडीची एकूण लांबी ३.८ मीटर म्हणजे साडेबारा फूट आहे, आणि १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. होडी केबिनच्या वर, उलटी, पुढून मागेपर्यंत ठेवली तर ती कुठल्याही टोकाला गाडीबाहेर जात नाही. छोट्या हत्तीला १२ फूट हीच मर्यादा, ती यावरून ठरते. १३ फुटी होडी 'एकच फूट तर जास्त' म्हणून घेऊ नका.

पिंजरा ४० बाय ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा करा. हौद्याच्या चार कोपऱ्यांत चार खांब, केबिनपेक्षा दोन इंच उंच, वर दोन लांब आणि तीन आडवे पाइप. खांबांना तिरके आधार द्या. फक्त उभे खांब जोडले तर ब्रेक लागताच सगळा सांगाडा पुढे झुकतो. मागच्या आडव्या पाइपवर पीव्हीसीचा मोठा पाइप नुसता ओवून ठेवा, तो फिरतो आणि होडी सरकवायला चाकासारखा उपयोगी पडतो. पिंजरा हौद्याला बोल्टने आवळा, वेल्डिंग करू नका. गाडीच्या मूळ रचनेत कायमचा बदल केला की आरटीओची मंजुरी लागते; उघडता येणारा पिंजरा रिकामा हौदा हवा त्या दिवशी काढूनही ठेवता येतो.

बांधताना दोन रॅचेट पट्टे आडवे, आणि नाकाला व मागच्या फळीला एकेक दोर खाली गाडीच्या हुकाला. नाकाचा दोर बरेच जण टाळतात. चूक तिथेच होते. वेगात वारा उलट्या होडीच्या पुढच्या कडेखाली शिरतो आणि ती वर उचलू बघतो. आडवे पट्टे ते ओढणं एकट्याने सहन करत नाहीत, हळूहळू मागे सरकतात. पट्टा जिथे कडेला घासतो तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. पहिल्या दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण नवा पट्टा ताणतो. वेग ५०-६० च्या वर नको. मे-जूनच्या दुपारी मोहोळच्या पुढे आडवा वारा लागतो आणि छोटा हत्ती मुळातच उंच-अरुंद गाडी आहे. ७० किलो डोक्यावर चालतात. १४० किलोची लोखंडी होडी त्याच जागी ठेवली तर वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटते, आणि ते वाटणं खरं असतं.

बोलेरो पिकअपचा मोठा हौदा नऊ फुटांचा आहे आणि गाडी लांबीला पाच मीटरच्या आसपास. त्यामुळे १४ फुटी होडीही पिंजऱ्यावर गाडीच्या लांबीत बसते. फक्त केबिन उंच असल्यामुळे होडी चढवायला तिघं लागतात. १४ फुटी फायबरची होडी दोनशे किलोला पोचते, ती डोक्यावर नको. तिथून ट्रेलर सुरू होतो.

ट्रेलर म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वेगळं वाहन. त्याला नोंदणी लागते, मागचे दिवे लागतात, नंबरपाटी लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा कारागीर दोन दिवसांत सांगाडा जोडून देईल, पण नोंदणी कशी होणार हे आरटीओत विचारल्याशिवाय त्याला आगाऊ रक्कम देऊ नका. गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढायचं वजन दिलेलं नसेल तर त्या गाडीने ओढू नका. आमच्या मते छोट्या हत्तीने होडीचा ट्रेलर ओढूच नये. इंजिन कसंबसं ओढेलही, पण प्रश्न थांबण्याचा आहे. मागून चारशे किलो ढकलत असताना त्या गाडीचे ब्रेक आणि हलकं पुढचं टोक पुरं पडत नाही.

बोलेरोमागे ट्रेलर लावायचाच असेल तर हिशेब असा: १४ फुटी होडी २०० किलो, इंजिन आणि पेट्रोल ४०, सामान ५०, ट्रेलर स्वतः दीडशे. एकूण साडेचारशेच्या आत-बाहेर. यातला ७ ते १० टक्के भार, म्हणजे ३० ते ४५ किलो, जोडणीच्या गोळ्यावर यायला हवा. घरातला वजनकाटा विटेवर ठेवून ट्रेलरचा दांडा गाडीच्या हुकाच्या उंचीवर त्यावर टेकवा, आकडा कळतो. भार कमी आला तर ट्रेलर पन्नासच्या पुढे शेपटासारखा हलायला लागतो. जास्त आला तर गाडीचं मागचं अंग बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. दुरुस्ती सामान पुढे-मागे करून होते, नाही झाली तर आस सरकवावा लागतो. म्हणून आस बोल्टवर बसवून घ्या.

ट्रेलरचं सगळ्यात जास्त बिघडणारं अंग म्हणजे बेअरिंग. नव्वद किलोमीटर चालून हब गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. तसाच पाण्यात घातला की हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या दोन खेपांत ग्रीस दुधाळ होतं, नंतर बेअरिंग गातं, मग जाम होतं. उपाय साधा आहे: काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबा, हाताला हब गार लागला की मगच मागे घ्या, आणि शक्यतो हब बुडवूच नका. पाण्यात टिकणारं ग्रीस वापरा, एका बेअरिंगचा जोड आणि सील नेहमी गाडीत ठेवा. पाण्यात जाण्याआधी दिव्यांची पिन काढा. पेटलेला बल्ब गार पाण्यात फुटतो. साखळी दोन पदरी आणि फुलीत बांधा, म्हणजे जोड सुटला तरी दांडा रस्त्याला टेकणार नाही. आणि होडी ट्रेलरवर मागच्या फळीपाशी पट्ट्याने आवळलेली असू द्या. फक्त नाकाला विंच लावून आणली तर प्रत्येक खड्ड्यात होडी आपटते आणि फायबरचा तळ रुळांवर बसतो तिथे तडे जातात.

उजनीचा काठ

उजनी म्हणजे यशवंतसागरचा एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, त्यातला साधारण ६३ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मृतसाठ्याच्या वरच्या पाण्यावर मोजतात, म्हणून पाणी त्याखाली गेलं की वर्तमानपत्रात 'उणे' टक्के छापून येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० च्याही खाली गेला होता. होडीवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ दिवाळीत जिथे होडी सोडली ती जागा मे महिन्यात पाण्यापासून लांब कोरडी पडलेली असते. पाणी ओसरलं की उघड्या जमिनीवर गाळपेर होते. ती कुणाची तरी पिकं असतात, त्यातून गाडी घालू नका. बांधावर विचारलं तर लोक वाट दाखवतात.

वरून वाळलेली गाळवट फसवी असते. चार इंच कडक पापुद्रा आणि खाली लोणी. छोटा हत्ती आणि बोलेरो दोन्हींची ओढ मागच्या चाकांवर, आणि होडी उतरवल्यावर हौदा रिकामा, म्हणजे नेमकं मागचं वजन नाहीसं. चाकं जागेवर फिरतात आणि आस टेकतो. आधी पायी चालून बघा: टाचेचा ठसा दोन इंच खोल गेला तर गाडी पुढे नेऊ नका. हौद्यात मागच्या आसावर शंभर किलो वाळूची पोती, चार फुटी दोन जाड फळ्या, फावडं आणि तीस मीटर दोर एवढं कायम ठेवा. ७० किलोच्या होडीला मागच्या फळीवर दोन काढता येणारी चाकं लावली की गाडी कडक जमिनीवर उभी करून शंभर मीटर होडी ढकलत नेता येते. चाकं रुंद हवीत, लहान मुलांच्या सायकलची अरुंद चाकं गाळात रुततात.

पाण्याखाली जुनी गावं, विहिरींचे कठडे, बाभळीचे बुंधे आहेत. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी ओसरलं की वर येतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दर्जाच्या शंभर अनामिक भिंती पाण्यात फूटभर खोल उभ्या असतात. म्हणून उन्हाळ्यात वेगाने चालणाऱ्या होडीचा उपयोग नाही. ॲल्युमिनियमला पोचा येतो, फायबर फुटतं. पोचा हातोडीने काढता येतो, फुटलेलं फायबर काठावर जोडता येत नाही. ॲल्युमिनियमला आमची पसंती आहे ती या कारणानेही.

एकेका होडीबद्दल

ॲल्युमिनियम: पत्रा ५०५२ किंवा ५०८३ जातीचा आहे का विचारा, भांड्यांचा किंवा छपराचा पत्रा मऊ असतो आणि पाण्यात लवकर झिजतो. रिबिटांची होडी जुनी झाली की रिबिटांतून झिरपते, पण रिबिट पुन्हा ठोकता येतं. वेल्डिंगची होडी घेताना फासळी आणि तळ मिळतात ते कोपरे भिंगाने बघा, केसासारखी भेग तिथेच पडते. टिग वेल्डिंग करणारा चांगला माणूस चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत शोधून ठेवा. लोखंडी स्क्रू लावू नका, दोन धातू ओलाव्यात भिडले की ॲल्युमिनियम पांढरं पडून भुसभुशीत होतं. स्टीलचा बोल्ट लावायचाच तर नायलॉनचा वॉशर मध्ये हवा. मोठा दोष उन्हाचा: एप्रिलमध्ये बैठक चटके देते. कार्पेट चिकटवा, पण ओलं राहणारं जाड कार्पेट नको.

कडेची उंची १६ ऐवजी २० इंच मागा. वजन पाचेक किलोने वाढेल, पण उजनीच्या लाटेला त्या चार इंचांचा फार आधार होतो. माणसं, इंजिन, सामान सगळं भरल्यावर कड पाण्याच्या वर निदान १२ इंच उरली पाहिजे.

फायबर: सोलापुरात पाण्याच्या टाक्या, दारं, गाड्यांचे बंपर बनवणारे फायबरचे कारागीर आहेत, त्यामुळे दुरुस्ती घराजवळ होते. हा मोठा फायदा. रेझिन आयसोफ्थॅलिक जातीचं मागा. साधं ऑर्थो रेझिन पाण्यात सतत राहिलं की थर फुगतात आणि फोड येतात. मॅट म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, ती चौरस मीटरला ४५० ग्रॅमची, तळाला किमान तीन थर आणि मध्ये रोव्हिंग म्हणजे विणलेलं जाड काचकापड. आतल्या बाजूने दोऱ्यांचे पांढरे पुंजके दिसले तर तिथे रेझिन पोचलेलं नाही, ती होडी परत द्या. नाण्याने सगळीकडे टकटक करा. टणटण आवाज चांगला, भदभद आवाज आला तिथे थर सुटले आहेत. इंजिन बसतं ती मागची फळी आत प्लायवुडची असते. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ती आतल्या आत कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. इंजिन लावून, तिरकं करून, वर-खाली हलवा. फळी लवली तर आत भुसा झालेला आहे.

घरी ठिगळ लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हार्डनर आणि कोबाल्ट ही रेझिन घट्ट करणारी दोन रसायनं कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचं, मग हार्डनर. आणि सोलापूरच्या ४२ अंशांत हार्डनर एका टक्क्याच्या पुढे नेऊ नका, रेझिन डब्यातच गोळा होतं. काम सकाळी सातच्या आत उरका.

लोखंडी पत्रा: जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांना ती परवडते, कारण त्यांची होडी काठावरच राहते आणि दरवर्षी डांबर-रंग होतो. रोज चढवून-उतरवून न्यायला ती जड, आणि पाणी भरलं की सरळ तळाला जाते.

हवा भरायची होडी: छोट्या गाडीत काय, मोटारसायकलवरही जाते, हे खरं. पण उजनीच्या काठावर वेडी बाभूळ आहे. तिचा काटा चपलेतून वर येतो, पीव्हीसीची काय कथा. चिलापीच्या पाठीचे काटे आणि गळ होडीच्या आतूनच काम करतात. उन्हात ठेवली तर हवा फुगून शिवणी सुटतात. शांत तलावात, काठाला धरून, मुलांना फिरवायला ठीक.

कुठलीही होडी घ्या, बैठकांखाली तरंगणारं फोम भरलेलं असलं पाहिजे, १२ फुटीला निदान दीडशे लिटर. पांढरा थर्माकोल उघडा ठेवू नका: पेट्रोल सांडलं की तो विरघळतो, आणि फायबरचं रेझिनही त्याला खातं. थर्माकोलच वापरायचा तर जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.

इंजिन की बॅटरी

इथे होडीपेक्षा जास्त खर्च होतो, बहुतेक वेळा. दोन माणसं, ७० किलोची होडी आणि सामान मिळून वजन २७०-३०० किलो. त्याला ४० ते ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची विजेची मोटर पुरते, चालीच्या वेगाने. आवाज नाही, म्हणून मरळीला उत्तम. ५५ पौंडाची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअर ओढते. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी वापरायचा मोह होतो, पण ती पन्नास किलोच्या वर भरते, हेलकाव्यात ॲसिड सांडतं, आणि तिची क्षमता २० तासांच्या संथ वापरावर मोजलेली असते. ५० अँपिअरला ती बरीच आधी दम टाकते. १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२-१३ किलोची आणि पूर्ण वेगातही दोन तासांच्या जवळ चालते. महाग आहे. तरी वजन वाचतं म्हणून आम्ही तीच घ्या म्हणू. तार १६ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि बॅटरीजवळ ६० अँपिअरचा ब्रेकर. बारीक तार लावली तर मोटर कमी जोराने फिरते आणि तार तापते, लोक मात्र मोटरला दोष देतात.

पेट्रोलचं इंजिन हवं असेल तर अडीच ते पाच अश्वशक्ती पुरे. होंडाचं बीएफ २.३ हे १३-१४ किलोचं आणि हवेवर गार होणारं आहे. वरच्या अंगाला जलपर्णी असते तिथे पाण्याची वाट तुंबून इंजिन तापायची भीती त्यात राहत नाही. पाण्यावर गार होणाऱ्या इंजिनात मागून पडणारी पाण्याची धार बंद झाली की ताबडतोब बंद करा. मागची फळी १५ इंचाची असेल तर आखूड दांड्याचंच इंजिन घ्या. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळापेक्षा एक-दोन इंच खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा कापतो, जास्त खाली गेली तर बुंधे गाठतो. पंख्याची शिअर पिन बुंध्याला आदळल्यावर मुद्दाम तुटण्यासाठीच असते, तिच्या जागी खिळा घालू नका, गिअर जाईल. जास्तीच्या पिना, पक्कड आणि वल्ही नेहमी होडीत. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी धरायची खोड आहे. महिनाभर वापरणार नसाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करा.

आणि जाळी. मच्छीमारांची नायलॉनची जाळी पाण्याखाली पसरलेली असतात, वर फक्त बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे तरंगतात. त्यांच्या ओळी ओलांडू नका, वळसा घाला. ती त्यांची रोजीरोटी आहे. आपलंही नुकसान होतं: तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा पंख्यामागे गुंडाळून आतल्या सीलला कापतं, पाणी गिअरच्या तेलात शिरतं. फेरीनंतर पंखा काढून दोरा अडकला आहे का हे बघणं दोन मिनिटांचं काम.

जॅकेट आणि परवानगी

२१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या दिवसात दुपारनंतर वळवाचा वारा मिनिटांत उठतो. एप्रिल ते जूनमध्ये पहाटे निघा, अकरापर्यंत काठाला या. पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले की १२ फुटी होडीची जागा काठावर. जॅकेट १०० न्यूटनचं, प्रत्येकाच्या मापाचं, आणि पाण्यात असेपर्यंत अंगात. होडीत उशाला ठेवलेलं जॅकेट ऐन वेळी हाताला लागत नाही.

इंजिन लावलं की होडी यांत्रिक जलयानांत मोडते आणि २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. नोंदणीबद्दल महाराष्ट्र सागरी मंडळाकडे विचारा. धरण जलसंपदा खात्याचं आहे आणि मासेमारीचं काम मत्स्यव्यवसाय विभाग बघतो, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथली परवानगी घ्या. पावसाळ्यात मरळ पिल्लांचा लालसर घोळका राखत पृष्ठभागावर फिरते. त्या मरळीला गळ दाखवू नका. तिला उचललं की सगळी पिल्लं चिलापीच्या तोंडात जातात.

जुनी होडी घेताना

नव्यापेक्षा जुन्यातच चांगला सौदा मिळतो, पण कोरड्या अंगणात बघून पैसे देऊ नका. होडी विटांवर ठेवा, आत चार-पाच बादल्या पाणी ओता आणि पंधरा मिनिटं तळाखाली बघा. पाणी बाहेरून आत झिरपतं तसंच आतून बाहेर झिरपतं, त्यामुळे प्रत्येक सुटलेलं रिबिट स्वतःच सांगतं. तळाची रेषा दोरा ताणून तपासा. ट्रेलरवर चुकीची ठेवलेली होडी तळाला वाकते आणि मग पाण्यावर नीट चालत नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा, मालकाने आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर गार होईपर्यंत बसा. शेवटी गिअरपेटीचा खालचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा. आधी पाण्याचा थेंब आला किंवा तेल दुधाळ दिसलं तर सील गेलं आहे; सील बदलायचा आणि बेअरिंगचा खर्च किमतीतून वळता करून मगच बोलणी पुढे न्या.